एकोणिसाव्या दिवसाची ठिणगी

अकराला एक गट, तीनला दुसरा. चौदा वर्षं ती रोज दोनदा तेच सांगत आली होती. पण वडील गेल्यापासून सांगताना तिला स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येई. तोंड आपलं काम चोख करायचं. बाकीची ती कुठे टेकायला जागा आहे का, ते बघत असायची.

"तुम्ही आत्ता उभे आहात त्याच्या बरोबर खाली, एक किलोमीटर खोल, बंद पडलेल्या खाणीत एक टाकी आहे," ती म्हणायची आणि प्रयोगशाळेच्या प्रदर्शन दालनाच्या मधोमध ठेवलेल्या पत्र्याच्या नमुन्यावर हात ठेवायची. नमुना कमरेएवढा उंच, वर घुमटासारखं झाकण, पोटाला काचेची एक खिडकी. "टाकीत अतिशय शुद्ध, अतिशय थंड असा द्रव आहे. भिंतींना आतून हजारभर डोळे लावलेत. आपल्याला कधीच दिसणार नाही एवढासा उजेड त्यांना दिसतो. त्या काळोखात ते एका ठिणगीची वाट बघत बसलेत."

ठिणगी कसली, हे समजावणं हा तिचा पेशा होता. विश्वात जेवढं दिसतं त्याहून कितीतरी जास्त न दिसणारं आहे. तारे ज्या वेगाने फिरतात त्यावरून त्याचं वजन कळतं, पण ते स्वतः ना उजेड देतं, ना अडवतं. भिंतीतून, डोंगरातून, ऐकायला जमलेल्या मंडळींतून ते खुशाल आरपार जातं. त्यातला एखादा कण एखाद्या वर्षी टाकीतल्या एखाद्या अणूला धडकलाच, तर एवढीशी ठिणगी पडेल. वर आभाळातून दुसऱ्या कणांचा मारा सतत चालू असतो, त्या गलक्यात ही कुजबुज कुठली ऐकू येणार? म्हणून टाकी जमिनीच्या पोटात. बावीस वर्षं झाली. खात्रीची म्हणावी अशी एकही ठिणगी अजून पडली नव्हती.

"म्हणजे काहीच सापडलं नाही?" हा प्रश्न रोज यायचा. विचारणारा जरा ओशाळून विचारायचा, जसं एखाद्याच्या मुलाचं लग्न ठरलं का म्हणून विचारावं. "अजून नाही," ती म्हणायची. सगळा जीव त्या 'अजून'मध्ये होता.

तिचे वडील त्याच प्रयोगशाळेच्या कारखान्यात मुख्य कारागीर होते. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांनी कागदावर काढायचं आणि बाबांनी ते धातूत उतरवायचं, असा सगळा मामला. टाकीचे निम्मे बोल्ट त्यांच्या हातचे आणि पत्र्याचा नमुना तर पूर्णच त्यांचा. ती जन्मली तेव्हा तिने रडून दवाखाना डोक्यावर घेतला होता, म्हणून ते तिला भोंगा म्हणत. पुढे तिला बोलण्याचीच नोकरी लागली तेव्हा, "नाव ठेवताना मी किती लांबचं पाहिलं होतं बघा," असं ते भेटेल त्याला ऐकवत सुटले. निवृत्त झाल्यावर ते दुपारच्या गटात शेवटच्या रांगेत येऊन बसू लागले. घरी गेल्यावर तिची खरडपट्टी निघायची.

"वारा दिसत नाही पण पडदा हलतो, तसं हे आहे, असं सांगितलंस आज."

"मग? लोकांना पटतं ते."

"पटणारच. वारा गालाला लागतो, भोंग्या. हे लागतसुद्धा नाही. अर्धं खोटं सांगतेस."

"अर्धं खरं पण सांगते ना?"

"खऱ्याचं अर्धं करून काय मिळतं ते तूच बघ," म्हणून ते हात धुवायला जायचे.

निवृत्तीनंतरही एक काम त्यांच्याकडे राहिलं होतं. त्या कामामुळे सगळे त्यांना मीठवाले म्हणत. वर्षानुवर्षं काळोखात बघत बसलेल्या माणसाला दोन रोग होतात. एक, नसलेलं दिसायला लागतं. दोन, असलेलं दिसेनासं होतं. त्यावर उतारा म्हणून टाकीच्या भिंतीत मोहरीच्या दाण्याएवढा एक दिवा बसवलेला होता. हवी असलेली ठिणगी जशी दिसावी, तंतोतंत तशी लुकलुक तो करायचा. मुद्दाम मिसळलेल्या या खोट्या ठिणगीला सगळे मीठ म्हणत. वर्षातून दोनदा, तीनदा, कधी एकदाही नाही. कधी, ते फक्त मीठवाल्यांना ठाऊक. तारखा फासे टाकून ठरवायच्या, शिशाचं सील लावलेल्या एका पेटीला त्या सांगायच्या, आणि हाताने लिहिलेली यादी पाकिटात बंद करून स्वतःजवळ ठेवायची. टाकीवर डोळे लावून बसलेल्या मंडळींनी आधी आपली यादी जाहीर करायची, की आम्हाला या या ठिणग्या खऱ्या वाटतात. ती यादी बंद झाली की मग सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं. बाबांच्या यादीशी जुळल्या त्या ठिणग्या मीठ. जुळली नाही ती... पण न जुळलेली ठिणगी कधी निघालीच नव्हती.

मार्चच्या चार तारखेला सकाळी बाबा दाढी करता करता गेले. एक गाल झाला होता. उरलेला गाल आईने केला, कुणाला हात लावू दिला नाही.

आणि तेवीस मार्चला, म्हणजे बरोबर एकोणिसाव्या दिवशी, टाकीत ठिणगी पडली.

हे तिला कळलं जूनमध्ये, आणि तेही वर्तमानपत्रातून. कुणीतरी कुणाजवळ तरी बोललं होतं आणि पहिल्या पानावर मथळा होता: खाणीच्या पोटात अदृश्याची चाहूल? उपाहारगृहात तरुण पोरं हलक्या आवाजात बोलत होती, पण डोळे लपत नव्हते. "मीठवाले चारला गेले. तेवीसला मीठ कोण घालणार?" ती ट्रे घेऊन जवळून गेली. एकाने उठून तिला खुर्ची दिली.

दुपारी प्रमुखबाई तिच्या दालनात आल्या. हा सगळा प्रयोग त्यांच्या हाताखाली चालायचा. विद्यार्थिनी असताना त्यांनी बाबांचं ड्रिल तीनदा मोडलं होतं आणि बोलणी खाल्ली होती, त्याचा त्यांना अजून अभिमान होता. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि बाकावर बसल्या.

"पाकीट सापडत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जुन्या टेबलाचा खण न् खण पाहिला."

"पण ते तर आधीच..."

"पेटीला सगळ्या वर्षाचं जानेवारीतच सांगून ठेवलेलं असतं, दिवा तीच लावते. माणूस असो नसो, पेटीला काय त्याचं? पोरांच्या हे डोक्यात येत नाही. खरं म्हणजे येतं, पण त्यांना येऊ द्यायचं नाहीये."

"मग पेटी उघडून बघा."

"उघडली की आतली यादी पुसली जाते. तुझ्या वडिलांचीच करामत. आमच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता."

"तुमच्यावर होता बाई. तुमच्या उत्सुकतेवर नव्हता."

प्रमुखबाई हसल्या, मग हसणं तसंच चेहऱ्यावर विसरून गेल्या. "एवढा बोभाटा झाल्यावर पाकीट फोडायला डिसेंबरपर्यंत थांबता येणार नाही. शनिवारी चारला लोकांसमोर बैठक घेतोय. आमची यादी त्याआधी बंद होईल. घरी बघशील?"

"आणि नाही मिळालं तर?"

"तर ही ठिणगी कायमची ना मीठ, ना खरी. आम्ही ती बाजूला ठेवू आणि लोक म्हणतील, यांनी काहीतरी दडपलं."

ती हो म्हणाली. पण बस येईपर्यंत थांब्यावर उभी असताना तिने स्वतःशी कबूल केलं, की पाकीट मिळू नये असंच तिला वाटतंय. ठिणगी खरी असायला हवी होती. ज्या माणसाने बावीस वर्षं त्या टाकीची निगा राखली, त्याच्या पाठोपाठ का होईना, काहीतरी यायला हवं होतं. मग 'अजून नाही' म्हणायचं संपलं असतं. ती फार दमली होती त्या दोन शब्दांनी.

घरी बाबांच्या खोलीला तीन महिन्यांत कुणी हात लावला नव्हता. आईने बाह्या सरसावल्या. आईने पस्तीस वर्षं पोस्टात टपाल छाननीचं काम केलं होतं. कुठल्याही ढिगाकडे ती अजून त्याच नजरेने बघायची, म्हणजे हे पाच मिनिटांत निघेल की दहा.

"तुझे बाबा वस्तू ठेवायचे नाहीत गं, पुरायचे," ती म्हणाली. "लग्नाचे फोटो मला आठ वर्षांनी सापडले. ग्रीसच्या डब्याखाली."

"तू शोधलेस म्हणून सापडले."

"मी ग्रीस शोधत होते. शिलाई मशीन कुरकुरत होतं."

दोघींनी कपाट काढलं, हत्यारांचे खण काढले. प्रत्येक खणावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी, आत भलतंच. चष्मे तीन निघाले. तिने शाळेत असताना बनवलेला, कधीच न चाललेला एक विद्युत चुंबक निघाला, तार नव्याने गुंडाळलेली. त्यांनी तो कधीतरी दुरुस्त करून ठेवला होता आणि सांगायचं राहून गेलं होतं. आईने तो हातात घेतला, टाचण्यांच्या डबीजवळ नेला, आणि वीज जोडलेली नसल्याने काहीच झालं नाही तेव्हा परत खणात ठेवला. पाकीट निघालं नाही. बुधवारी रात्री जेवताना आई म्हणाली, "एवढं काय असतं गं त्यात?"

"तारखा. वेळा."

"फक्त?"

"फक्त."

"एवढा जपून ठेवतो माणूस, त्यात दोन ओळी आपल्यालाही लिहिल्या असतील." आईने पाण्याचा पेला पुसायला घेतला. "जाताना एक शब्द बोलले नाहीत. तोंडाला साबण होता."

गुरुवारी तीनच्या गटात निवृत्त कारागिरांचा संघ होता. बारा म्हातारे, त्यात दोन म्हाताऱ्या. ती आपलं सांगत होती, डोळे, ठिणगी, काळोख, आणि एक जाडजूड बोटांचा प्लंबर तिच्याकडे न बघता नमुन्याकडे बघत होता. वाकून, चष्मा कपाळावर चढवून.

"काही शंका आहे का काका?"

"हे झाकण आट्यांचं आहे, बाई."

"ते उघडत नाही. नुसता नमुना आहे तो."

"उघडत नाही? अहो, एवढे बारीक आटे पाडायचे म्हणजे दोन दिवसांचं काम. नुसतं बसवायचं असतं तर चार टाके मारून मोकळा झाला असता. ज्याला उघडायचं असतं तोच आटे पाडतो."

"हे लोकांच्या घरचे नळ पण असेच न विचारता उघडतात," मागून कुणी म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले.

"उघडू का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने दोन्ही तळवे घुमटावर ठेवले, एक हलका झटका दिला, आणि झाकण लोण्यासारखं फिरलं. चौदा वर्षं दिवसातून दोनदा तिने ज्यावर हात ठेवला होता, त्याच्या आत, घुमटाच्या पोटाला चिमट्याने अडकवलेलं एक तपकिरी पाकीट होतं. बाबा एकदा म्हणाले होते, मी ते अशा ठिकाणी ठेवतो जिथे शास्त्रज्ञ चुकूनही बघणार नाहीत. ज्यांच्याकडे खरी टाकी आहे ते पत्र्याची कशाला बघतील?

"कुणाचं प्रेमपत्र?" प्लंबरने विचारलं.

"ऑफिसचं आहे," ती म्हणाली. पाकीट पिशवीत ठेवलं आणि कुठवर आलो होतो ते त्यांनाच विचारून उरलेलं सगळं सांगून पूर्ण केलं.

तिने फोन केला तेव्हा प्रमुखबाईंनी आधी उठून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "उघडू नकोस. आणि मला आणूनही देऊ नकोस. आमची यादी बंद होईस्तोवर ते आमच्या इमारतीत नको. पोरं भिंतीला कान लावतील, आणि मीही काही साधू नाही. तुझ्याजवळच राहू दे."

अशा रीतीने पाकीट घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. संध्याकाळची उन्हं खिडकीतून त्याच्यावर पडली होती. आईने ते उचललं, तळहातावर ठेवून हात दोनदा खालीवर केला.

"दोन कागद," ती म्हणाली. "एक त्यांचा तारखांचा. दुसरा कशाला असेल?"

"आई."

"मी काही म्हटलं का?" आईने पातेल्यात पाणी ओतलं आणि गॅस पेटवला. "पाकीट वाफेवर धरून उघडायला मला दोन मिनिटं लागतात. परत असं चिकटवीन की तुझ्या त्या प्रमुखबाईच काय, डिंक बनवणारासुद्धा ओळखणार नाही. पस्तीस वर्षांत एकदाही केलं नाही. येत होतं तरी."

तिने आईला थांबवायला हवं होतं. चौदा वर्षं ती लोकांना सांगत होती की आधी बघितलं की सगळं नासतं, म्हणूनच पाकीट बंद ठेवतात. आता तिला एवढंच दिसत होतं, की त्या कागदावर बाबांचं शेवटचं न वाचलेलं अक्षर आहे. आणि आत तेवीस मार्च नसेल, तर शनिवारपर्यंतचे दोन दिवस ती सुखाने झोपेल. पाण्याला आधी आवाज आला, मग बुडबुडे, मग वाफ. आई पाकीट हातात धरून वाफेपासून वीतभर अंतरावर उभी होती. चष्म्यावर धुकं जमलं, तो तिने काढला. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. वर बाबांच्या अक्षरात दोन शब्द होते: सर्वांसमोर उघडावे.

पाणी आटून निम्मं झालं.

"ना नाव, ना पत्ता," आई अखेर म्हणाली. "आपल्या नावाचं असतं तर त्यांनी नाव घातलं असतं. हे आपलं टपाल नाही." तिने गॅस बंद केला. पाकीट भिंतीवरच्या फळीवर, डब्यांच्या मागे उभं करून ठेवलं. मग पातेल्याकडे बघून म्हणाली, "एवढं पाणी तापवलंच आहे तर चहा घेशील?"

शनिवारी दालन गच्च भरलं. शिक्षक, वार्ताहर, उगाच आलेले लोक. कारागीर संघाचे सातजण आले होते, प्लंबर पहिल्या रांगेत. आई शेवटच्या रांगेत, बाबांच्या खुर्चीवर नाही, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. प्रमुखबाईंनी त्यांची यादी वाचली. दोनच ठिणग्या. अकरा जानेवारी, पहाटे. तेवीस मार्च, दुपारी दोन वाजून सहा मिनिटं. दुसरीच्या वेळी तरुण पोरांपैकी एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं तिला दिसलं.

"पाकीट तू फोड," प्रमुखबाई म्हणाल्या. "या खोलीत यादीशी जिचं काही देणंघेणं नाही अशी तूच आहेस."

तिला हसू येता येता राहिलं. तिने पाकीट फोडलं. आत दोन कागद होते. आईचा हात चुकला नव्हता.

वरच्या कागदावर तीन ओळी. बाबांचं अक्षर, आकडे एकाखाली एक, नेहमीप्रमाणे किंचित मागे झुकलेले. अकरा जानेवारी. त्याखाली तेवीस मार्च, दुपारी दोन वाजून सहा मिनिटं. तिसरी ओळ एकोणीस ऑगस्टची, म्हणजे अजून यायची. खाली: एकूण तीन.

तिने तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. आवाज शेजारच्या खोलीतून आला नाही. तिच्याच तोंडून आला, आणि जरा घोगरा आला.

मग तिने दुसरा कागद वर घेतला. तो कोरा होता. दोन्ही बाजूंनी. तिने शेवटच्या रांगेकडे बघितलं. आईने लांबूनच कागदाचा पांढरेपणा पाहिला होता आणि ती हळूहळू मान डोलवत होती. पोस्टातल्या बाईला ते सांगावं लागलं नाही. पाकीट उजेडासमोर धरून कुणी आतलं वाचू नये, म्हणून मागे कोरा कागद घालतात.

दालनात कुजबुज वाढली. एका वार्ताहराने वही मिटली. मागच्या कोपऱ्यातून तो रोजचा प्रश्न आला, या वेळी ओशाळून नव्हे, चिडून.

"म्हणजे काहीच सापडलं नाही?"

प्रमुखबाई उत्तर द्यायला उठत होत्या, पण सगळे तिच्याकडे बघत होते, कारण समजावणारी ती होती.

"नाही," ती म्हणाली. 'अजून' तिने गाळला. "दोन्ही ठिणग्या दिव्याच्या होत्या. दिवा माझ्या वडिलांनी लावला होता. दुसरी पडली तेव्हा ते नव्हते, म्हणून आमच्यातल्या काहींना वाटलं, ही खरी असणार. मलाही वाटलं." ती थांबली. वारा, पडदा, सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि तिने ते गिळलं.

"अहो, आम्ही रंग सोडतो तसं," प्लंबर बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाला. तो मागे वळून त्या चिडलेल्या माणसाशी बोलत होता. "भिंतीत गळती आहे का बघायची, तर नळात रंगीत पाणी सोडायचं. पण आधी, घरमालकाला न सांगता, मी थेंबभर रंग भिंतीवर मुद्दाम शिंपडून बघतो, त्याला तो डाग दिसतो का. दिसला तर मग तो म्हणेल भिंत कोरडी आहे, ते मी मानीन. आंधळ्याने कोरडी म्हटली तर काय उपयोग?"

"मग कोरडी आहे का भिंत?"

"यांच्या भिंतीवर दोनदा शिंपडलं, दोनदा दिसलं," प्लंबर म्हणाला. "आता हे कोरडी म्हणतायत तर आहे कोरडी. काय बाई, बरोबर ना?"

तिने मनातल्या मनात ते शेवटच्या रांगेकडे नेलं आणि तपासून पाहिलं. कुठे अर्धं नव्हतं.

"बरोबर," ती म्हणाली.

लोक पांगल्यावर आईने तिच्याकडून कोरा कागद मागून घेतला. तो तसा प्रयोगशाळेचा होता, पण कुणी अडवलं नाही. आईने तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"एकोणीस ऑगस्टच का गं?" आईने बसमध्ये विचारलं.

"फासे टाकून ठरवायची असते तारीख."

"म्हणजे उगाच."

"हो. उगाचच."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "असू दे."

सोमवारी ती प्रमुखबाईंना विचारायला गेली, की तिसऱ्या ठिणगीचं काय करायचं. आता ती सगळ्यांना ठाऊक झाली, मग ते मीठ कसलं?

"नियमाप्रमाणे पेटी उघडून रद्द करायला हवी." प्रमुखबाई समोरचे कागद उगाच सारखे करत होत्या. "पण सील त्यांच्या हातचं आहे. मी तर अजून ड्रिलसुद्धा नीट धरत नाही. राहू दे. तेवढं एक मिनिट आम्ही मोजणीतून वगळू."

एकोणीस ऑगस्टला आई पावणेचारलाच आली, बाहेर जायचे कपडे घालून, पर्स छातीशी धरून. तीनचा गट अजून रेंगाळत होता. दालनाच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे. त्यावर टाकीतले हजार डोळे काळ्या टिकल्यांसारखे दिसतात, आणि तो बहुतेक वेळ नुसता काळाच असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तिने आईसाठी खुर्ची त्याच्यासमोर ठेवली आणि आपणही शेजारी टेकली. बाबा गेल्यापासूनच्या साडेपाच महिन्यांत ती कामाच्या वेळेत पहिल्यांदा बसली होती.

यादीत चार वाजून वीस मिनिटं लिहिली होती. आईने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं.

"घरी चारला येतो म्हणायचे तेव्हा साडेपाच व्हायचे," आई म्हणाली.

"पेटी येणार आहे आई, बाबा नाही."

"ठाऊक आहे मला."

चार वीस झाले. काटा पुढे सरकत होता आणि पडदा काळाच होता. आईने घड्याळ कानाला लावलं. आणि मग पडद्याच्या डाव्या अंगाला सात-आठ टिकल्या पांढुरक्या झाल्या, जितक्या हळू उगवल्या तितक्याच हळू विझल्या. बस, एवढंच.

"बाई, बाई!" गटातल्या एका माणसाने हाक मारली. "आत्ता तिथे काहीतरी चमकलं! तेच का ते?"

ती उठली नाही. बसूनच म्हणाली, "नाही, ते नव्हे. दिवा होता. माझ्या वडिलांनी लावलेला."

तो माणूस 'असं होय' म्हणून पुढच्या फलकाकडे गेला. आईने घड्याळ परत मनगटावर चढवलं. पट्ट्याचं भोक सापडेना, तेव्हा तिने ते बांधून दिलं.

"बघ," आई म्हणाली, "मरून का होईना, वेळ पाळायला शिकले."

मग दोघी तिथेच बसल्या. पडदा काळा होता, आणि उद्या अकरापर्यंत पुढचा गट नव्हता.